मेंदूची तालीम आणि पायांची चाल

निपाणी परिसरातल्या एखाद्या गल्लीत दुपारी गेलं, तर ओसरीवर विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याच्या मापावर पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा बांधायचा. एक विडी होते न होते तोच हात पुढच्या पानाकडे गेलेला असतो. एवढं चालू असताना नजर हातांवर क्वचितच असते. गप्पा रंगतात, पोराला हाक जाते, दारावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस होते, पण हात थांबत नाहीत. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते, तेव्हा हातांना थांबणं परवडतही नाही.

त्यांच्यात एखादी नवशिकी मुलगी बसली की फरक लगेच कळतो. ती बोलत नाही. प्रत्येक पायरी तिला आठवून करावी लागते. अशा वेळी मेंदूचा कपाळामागचा भाग कामाला जुंपलेला असतो, कारण लक्ष देणं, क्रम ध्यानात ठेवणं, चूक पकडणं ही त्याची कामं. सराव वाढतो तसा या हालचालींचा ताबा हळूहळू मेंदूच्या खोल गाभ्यातल्या बेसल गँग्लियाकडे आणि डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूकडे सरकतो. कपाळामागचा भाग मोकळा होतो आणि मग तोंडही मोकळं होतं.

या शिकण्याला शेवट कुठे असतो? क्रॉसमन नावाच्या ब्रिटिश संशोधकानं १९५९ साली याचं उत्तर तंबाखूच्याच धंद्यातून दिलं. यंत्रावर सिगार बनवणाऱ्या कामगारांचा वेग त्यानं तपासला. त्यांत अगदी नवे होते, तसेच सात वर्षं काम करून एक कोटीच्या आसपास सिगार हातावेगळे केलेलेही होते. वेग सुरुवातीला झपाट्यानं वाढतो आणि पुढे वाढीचा दर मंदावतो, पण वाढ बंद होत नाही. सुमारे दोन वर्षं, म्हणजे तीसेक लाख सिगार होईपर्यंत, ती चालूच होती. त्यानंतर ती अडली ती यंत्राच्या मर्यादेमुळे, त्याहून जलद ते यंत्रच चालत नव्हतं. सरावाबद्दलचा हा नियम पुढे टंकलेखनापासून गणितापर्यंत अनेक कौशल्यांना लागू पडलेला दिसला.

तंबाखूच्या धुळीनं छातीचं आणि एका जागी तासन्‌तास बसण्यानं पाठीचं काय होतं, हे निपाणीकरांना वेगळं सांगायला नको. तेव्हा इथे कौतुक आहे ते हातांच्या शिकण्याचं, त्या धंद्याचं नव्हे. आपला प्रश्न पुढचा आहे. एका कामात मेंदू एवढा तयार होतो, तर त्या तयारीचा उपयोग दुसऱ्या कामात होतो का? विड्या वळणाऱ्या बाईची स्मरणशक्ती सुधारते का? कोडी सोडवणाऱ्या माणसाला औषधाची वेळ बरोबर आठवते का? आणि डोक्याला दिलेली तालीम पायांपर्यंत पोचते का?

सराव करावा तेवढंच येतं

जुन्या शिक्षणपद्धतीचा एक मोठा विश्वास होता. युरोपात लॅटिन आणि भूमिती, आपल्याकडे पाठांतर आणि पावकी-निमकी. यांनी बुद्धीच तल्लख होते आणि ती मग कुठेही वापरता येते, असं मानलं जायचं. १९०१ साली अमेरिकेत थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी हा विश्वास तपासला. लोकांना आयतांचं क्षेत्रफळ नजरेनं ओळखायचा सराव दिला. आयतांत ते तरबेज झाले, पण आकृती बदलली की बरीचशी कमाई गळून पडली. दोन कामांत जेवढं साम्य, तेवढाच सरावाचा फायदा पुढे जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

शंभर वर्षांनी हाच प्रश्न मोबाइल आणि संगणकावरच्या ‘ब्रेन ट्रेनिंग’च्या खेळांनी पुन्हा उभा केला. २०१० साली ‘नेचर’ या नियतकालिकात एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. बीबीसीच्या साहाय्यानं झालेल्या या प्रयोगात ११,४३० जणांनी सहा आठवडे असे खेळ खेळले. ज्या खेळाचा सराव केला, त्यात सगळे सुधारले. त्याच्या जवळच्या पण सराव न केलेल्या चाचण्यांत मात्र सांगण्यासारखी सुधारणा दिसली नाही. अशा खेळांची विक्री त्यामुळे थांबली नाही. २०१६ साली ‘लुमॉसिटी’ या प्रसिद्ध खेळाच्या कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. आमच्या खेळांनी वयाबरोबर येणारा विसराळूपणा टळतो, अशा तिच्या जाहिरातींना पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता, असा आयोगाचा आरोप होता.

म्हणजे सगळंच फोल का? तसंही नाही. अमेरिकेत ‘ॲक्टिव्ह’ नावाचा एक प्रयोग झाला. ६५ ते ९४ वयाचे २,८३२ लोक त्यात होते आणि पहिले निष्कर्ष २००२ साली आले. एका गटाला स्मरणशक्तीच्या युक्त्या, दुसऱ्याला तर्काची कोडी आणि तिसऱ्याला वेगानं पाहून ओळखण्याचा सराव दिला. चौथ्या गटाला काहीच नाही. तिसऱ्या गटाचा सराव असा: पडद्याच्या मध्यभागी क्षणभर एक चित्र चमकतं, त्याच वेळी कडेला कुठेतरी एक मोटार दिसते. मधलं चित्र कशाचं आणि कडेची मोटार कुठे, हे दोन्ही सांगायचं. जमलं की चित्र आणखी कमी वेळ दिसतं. पाच-सहा आठवड्यांत तास-सव्वा तासाच्या दहाच बैठका झाल्या, काहींना पुढे उजळणी मिळाली.

दहा वर्षांनी याच लोकांना पुन्हा तपासलं तेव्हा तर्क आणि वेग या दोन गटांत सरावाचा परिणाम टिकलेला होता. स्मरणशक्तीच्या गटात तो उरला नव्हता. स्वयंपाक, पैशांचा व्यवहार, औषधं अशी रोजची कामं आपल्याला पहिल्याइतकी जमतात, असं सराव घेतलेल्यांपैकी ६० टक्के लोक सांगत होते. सराव न घेतलेल्यांत हे प्रमाण ५० टक्के होतं. वेगाच्या आणि तर्काच्या गटातल्या गाडी चालवणाऱ्यांच्या हातून त्यांच्या चुकीमुळे होणारे अपघातही कमी झाले. चित्र आणि कडेची मोटार एकाच वेळी टिपण्याचा सराव प्रत्यक्ष रस्त्याशी किती जवळचा आहे, हे पाहिलं की थॉर्नडाइकचा जुना निष्कर्ष इथेही खोटा ठरत नाही.

मनातल्या मनात करंगळी

डोकं आणि हालचाल यांचा संबंध किती थेट असतो, हे १९९२ साली ग्वांग यू आणि केली कोल या संशोधकांनी एका साध्या प्रयोगातून दाखवलं. एका गटानं चार आठवडे करंगळी जोर लावून बाहेरच्या बाजूला ढकलण्याचा व्यायाम केला. दुसऱ्या गटानं करंगळी न हलवता तसा जोर लावल्याची फक्त कल्पना केली. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ३० टक्क्यांनी वाढली. कल्पना करणाऱ्यांची २२ टक्क्यांनी! स्नायू फुगला नव्हता. मेंदूकडून स्नायूला जाणारी आज्ञा अधिक जोरकस झाली होती. आखाड्यातले वस्ताद रात्री डाव मनात घोळवायला सांगतात, त्यात म्हणूनच तथ्य आहे. अर्थात डाव आधी मातीत शिकलेला असावा लागतो. आणि इथेही ताकद वाढली ती करंगळीचीच.

बोलताना पाय थांबतात तेव्हा

चालणं आपल्याला आपोआप होणारी गोष्ट वाटते. तरुणपणी ती बरीचशी तशी असतेही. वय वाढतं तशी नजर मंदावते, तळपायांची जाणीव कमी होते, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय थकतं. या सगळ्यांकडून येणारी माहिती अपुरी पडायला लागली की कपाळामागच्या भागाला चालण्याकडे पुन्हा लक्ष द्यावं लागतं, विडी वळायला शिकणाऱ्या मुलीसारखंच. मग त्याच वेळी दुसरं काम आलं की काहीतरी सुटतं.

स्वीडनमधल्या उमेओ इथे लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी वृद्धांसाठीच्या निवासात ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या. त्यांपैकी १२ जण उत्तर देण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत या १२ पैकी १० जण पडले. न थांबलेल्या ४६ जणांपैकी पडले ते ११. हे निरीक्षण १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि चालण्याकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी बदलली. गुडघे आणि कंबर तपासणारे डॉक्टर चालणाऱ्याच्या डोक्याकडेही पाहू लागले. पुढे जो व्हर्गीस या संशोधकांनी मंद चाल आणि स्मरणशक्तीची तक्रार या दोन्ही गोष्टी एकत्र दिसणाऱ्या वृद्धांकडे लक्ष वेधलं. अशांना स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो. या कामाचा एक भाग केरळात कोळिकोडमध्ये झाला.

मग सरळ उपाय सुचतो. डोक्याला संगणकावर तालीम द्यावी, चाल आपोआप सुधारेल. व्हर्गीस यांनी तेही करून पाहिलं. २०१० साली त्यांनी बैठं जीवन जगणाऱ्या २४ वृद्धांवर आठ आठवड्यांचा छोटा प्रयोग केला आणि निकाल उत्साह वाढवणारा आला. सराव घेतलेल्यांची चाल, विशेषतः बोलत चालतानाची, सुधारली होती. त्यांनी मग ३८३ वृद्धांवर मोठा प्रयोग केला. यावेळी दुसऱ्या गटालाही संगणकच दिला, पण सोप्या खेळांसह. २०२१ साली निकाल लागला तेव्हा दोन्ही गटांची चाल सुधारली होती आणि त्यांच्यात फरक नव्हता. म्हणजे सुधारणेचं श्रेय त्या खास खेळांना देता येत नव्हतं. आपल्याच आशादायक निष्कर्षाची कसून परीक्षा घेणारे असे संशोधक कमी असतात. बाजारातल्या जाहिराती बहुधा पहिल्या प्रकारच्या छोट्या प्रयोगांवर उभ्या असतात, हे वाचकानं लक्षात ठेवावं.

ताल, पाऊल आणि डोकं

याउलट, डोकं आणि पाय यांना एकाच वेळी कामाला लावणाऱ्या तालमीचा अनुभव वेगळा आहे. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा इथे १३४ वृद्धांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०११ साली आले. पियानोच्या सुरावर चालायचं, ताल बदलला की पाऊल बदलायचं, हातात वस्तू घेऊन दिशा बदलायची, असा आठवड्यातून एकदा तासभराचा वर्ग सहा महिने चालला. वर्गाला जाणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण न जाणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी झालं. दुसरं काम करत चालतानाची त्यांची चालही सुधारली. डोक्याला जे शिकायचं होतं, ते इथे प्रत्यक्ष पावलांतच शिकवलं गेलं होतं.

बेळगावच्या माणसाला हे वर्णन परकं वाटू नये. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत लेझीम पथकं काय करतात? हलगीचा ठेका ऐकायचा, हातातली लेझीम त्या ठेक्यावर उघडायची-मिटायची, पाऊल पुढे-मागे टाकायचं, शिट्टी झाली की डाव बदलायचा, आणि हे करताना शेजाऱ्याशी ओळ मोडू द्यायची नाही. वारकऱ्यांची पावली घ्या. हातात टाळ, मुखी पाठ असलेला अभंग, पायांत बदलती चाल. मंगळागौरीचा झिम्मा आणि फुगडीही त्याच जातीची. लय, स्मरण, तोल आणि सोबत अशा चार गोष्टी त्यांत एकत्र येतात. जिनिव्हाचा प्रयोग लेझमीवर झालेला नाही, तेव्हा त्याचे आकडे उचलून आपल्या पथकाला चिकटवता येणार नाहीत. पण त्या वर्गात उपयोगी ठरलेल्या गोष्टी या खेळांत हजर आहेत, एवढं निश्चित. आपली अडचण इतकीच, की हे सगळं आपण तरुणांसाठी आणि सणापुरतं राखून ठेवलं. साठीनंतर माणसाला बाकावर बसवून मिरवणूक पाहायला लावतो.

दोन भाषांचा रोजचा व्यायाम

सीमाभागातल्या माणसाच्या डोक्याला आणखी एक तालीम रोज मिळते. बेळगावच्या बाजारात दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि तिसऱ्याशी हिंदीत बोलतो, तेही एका दमात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून इथल्या भाषेचा प्रश्न म्हटला की मोर्चे आणि न्यायालय आठवतात. मेंदूच्या अभ्यासकांना याच परिस्थितीत दुसरं काही दिसतं. दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही जाग्या असतात. एक बोलताना दुसरीला दाबून धरावं लागतं, आणि हे काम त्याच कपाळामागच्या यंत्रणेचं.

याचा म्हातारपणी फायदा होतो का? डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला. निरक्षरांतही हा फरक होता, त्यामुळे तो केवळ शिक्षणाचा परिणाम म्हणता येत नव्हता. दोनांपेक्षा जास्त भाषा येण्यानं जास्तीचा फायदा मात्र दिसला नाही. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. अशा देशात साडेचार वर्षं हा मोठा काळ आहे.

तरीही इथे हुरळून जायला नको. २०२० साली ओवेन यांच्याच गटानं ११ हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली, तेव्हा द्विभाषिकांची लक्ष देण्याची किंवा विचारांवर ताबा ठेवण्याची क्षमता सरस असल्याचं दिसलं नाही. निरोगी लोकांचा अनेक वर्षं माग ठेवणाऱ्या अभ्यासांतही निष्कर्ष एकसारखे नाहीत. भाषा येणं आणि ती रोज अदलाबदलीनं वापरणं यांत फरक असावा, असं काही अभ्यासक म्हणतात.

आपल्या शेजारच्या कुपवाडनं या चर्चेत आणखी एक पेच टाकून ठेवला आहे. सांगली जिल्ह्यातल्या या गावात जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांचा अभ्यास केला. त्यांचा १९७१ चा लेख भाषाविज्ञानात आजही शिकवला जातो. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द बदलून दुसरीत नेता येत होतं. जवळच्या मिरज जंक्शनवर पूर्वी वेगवेगळ्या रुंदीचे रूळ येऊन मिळत आणि प्रवाशांना गाडी बदलावी लागे. कुपवाडकरांनी शब्दांचे डबे वेगवेगळे ठेवले आणि वाक्यरचनेचे रूळ तेवढे एका मापाचे करून घेतले. मग सीमाभागातली द्विभाषिकता मेंदूला कष्ट देते, की कष्ट वाचवण्याची युक्ती शोधून काढते? हैदराबादसारखा अभ्यास बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात होण्याजोगा आहे, तो या प्रश्नासाठी.

मग करायचं काय?

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याबरोबर फिरायला जाताना सहज काही विचारा. उत्तर देण्यासाठी ते वरचेवर थांबत असतील तर ती खूण समजा आणि डॉक्टरांना दाखवा. उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, पायांना मुंग्या येतात का, हे आधी पाहायचं असतं. तोलाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. बेळगावात केएलईचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, त्यामुळे त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही.

ज्यांची चाल बरी आहे, त्यांनी सपाट, उजेडाच्या जागी एखादं सोपं काम जोडून चालावं. सीमाभागातल्या माणसाला हे फुकट जमण्यासारखं आहे: एका पावलाला मराठी आकडा, पुढच्या पावलाला कन्नड. एक, एरडु, तीन, नाल्कु, पाच, आरु. ही रोगाची चाचणी नव्हे, सराव आहे. तोल जात असेल त्यानं सोबतीशिवाय करू नये.

आणि मोठ्या गोष्टी विसरू नयेत. फिनलंडमधल्या १,२६० लोकांवरच्या ‘फिंगर’ प्रयोगात २०१५ साली वृद्धांची आकलनशक्ती टिकवायला मदत झालेली दिसली ती आहार, व्यायाम, डोक्याचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष यांच्या एकत्रित कार्यक्रमानं. ‘लॅन्सेट’ आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे टाळता येण्याजोगे १४ घटक सांगितले. त्यांत ऐकू कमी येणं, उच्च रक्तदाब, एकटेपणा आणि धूम्रपान आहे. कोड्याचं ॲप विकत घेण्याआधी कानाचं यंत्र घेणं आणि विडी सोडणं हा अधिक फायद्याचा सौदा आहे.

शंभर वर्षांच्या संशोधनाचा निवाडा असा: ज्या कामात चांगलं व्हायचं आहे, त्याच कामाच्या जवळची तालीम करा. न पडता चालायचं असेल तर चालण्यातच डोकं घाला. बेळगाव-निपाणीतल्या लेझीम पथकांनी आणि भजनी मंडळांनी आठवड्यातला एक तास साठीपुढच्या लोकांसाठी राखून ठेवला, तर या भागाला त्याहून स्वस्त आणि उपयोगी मेंदूची तालीम मिळणार नाही.